झाडांना नको म्हणणाऱ्या बाई

संवर्धन जीवशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या बाई वृक्षारोपणाचं नाव निघालं की कपाळाला हात लावत. मुलं हसायची. मी गोंधळून जायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. झाड लावणं म्हणजे पुण्य, एवढंच मला ठाऊक होतं.

बाई तासिका तत्त्वावर होत्या. दापोडीहून बस बदलत यायच्या आणि आल्या की आधी खुर्चीत डोळे मिटून बसायच्या. मग म्हणायच्या, "चला, आहे मी अजून. कुठे होतो आपण?" त्यांचा विषय आम्ही वर्गात कमी आणि चाकणच्या पुढे, आमच्या गावच्या गायरानावर जास्त शिकलो. कारखान्यांच्या पत्र्यांमध्ये उरलेला तो एक माळ. गुडघाभर कुसळी गवत, आणि गवताच्या बुडाशी चंडोलाचं घरटं. "वाकून बघा. उभ्यानं सगळं ओसाडच दिसतं."

त्याच माळावर एका कंपनीनं झाडं लावायचं ठरवलं. बाई सरपंचांना भेटायला आल्या, तेव्हा मी सोबत होतो. "इथे झाडं लावली तर गवत जाईल आणि गवताबरोबर चंडोल," त्या समजावत राहिल्या.

सरपंच म्हणाले, "बाई, तुमी पर्यावरणाच्या ना? झाडाला न्हाई म्हननारं मानूस पयल्यांदाच बघतोय राव!"

सगळे हसले. माझे चुलतेही. परतताना बाई एवढंच बोलल्या, "कुऱ्हाडीशी भांडता येतं रे. नारळ फोडून आलेल्या कुदळीशी कसं भांडायचं?"

खड्डे झाले, फोटो निघाले. उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. उकरलेल्या मातीखाली गवत गेलं, चंडोल दिसेनासे झाले आणि रोपंही करपली. बाई पुन्हा माळावर आल्या, तेव्हा ती बघून त्यांना निदान थोडं बरं वाटेल, असं मला वाटलं. पण त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून एका रोपाच्या मुळाशी ओतली.

"बाई, हे काय?"

"तहानलंय ते. त्यानं थोडंच म्हटलं होतं, मला इथे आणा म्हणून?"

पुढच्या वर्षी कॉलेजनं त्यांना बोलावलं नाही. आता त्या मारुंजीत शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेतात. मी फोन केला की आधीच बजावतात, "माळाचं काही सांगू नकोस." मग माझ्या अभ्यासाचं, आईच्या गुडघ्यांचं विचारतात. फोन ठेवायच्या आधी मात्र थांबतात.

"दिसला का रे एखादा?"

"नाही, बाई."

"बरं. जात राहा."