डब्यात कोंडलेली देवी

ही हकिगत सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. देवळात कुणी अनुभव विचारला, की देवीनं भाऊ वाचवला एवढं सांगून हात जोडायचो. ते अर्धंच होतं.

धाकट्या भावाला, दत्तूला, रक्ताचा कर्करोग झाला. बेळगावच्या इस्पितळात माझ्याच मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून त्याला दिल्या. अंगात प्रतिकारशक्ती उरलेली नाही, बाहेरचं काही पोटात जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंडातले फोड आणि जुलाब कमी व्हावेत म्हणून एक पूरक पावडर दिली होती. दत्तूची बायको सुमन पाणी उकळून, गार करून, त्यात ती ढवळून वेळच्या वेळी पाजायची.

तरी फोड वाढतच गेले. पेशी माझ्या, त्या रुजल्या नाहीत तर दोष माझा, असं माझ्या डोक्यात बसलं. निपाणीहून येताना मी देवीचा भंडारा, तिच्यावर वाहिलेली हळद, पुडीत आणला होता. आमच्यात आजाऱ्याच्या तोंडात चिमूटभर घालतातच. सुमन चहाला गेल्यावर मी तो पावडरीच्या डब्यात मिसळला. पावडर मुळात पिवळसर, कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तूला हुडहुडी भरली, ताप चढला, शुद्ध हरपू लागली. ताप कशानं आला हे डॉक्टर ठामपणे सांगेनात, पण पाण्यावर संशय आला. सुमन म्हणाली, "उकळलं हुतं की ओ, साहेब." मी शेजारीच उभा होतो. भंडाऱ्याचं नाव न काढता मी बाहेर आलो.

बाहेर बाकावर कपाळभर भंडारा लावलेली एक कानडी म्हातारी बसली होती. तिनं माझी पिवळी बोटं पाहिली. "पोटात घाटलासा?" मी होकारार्थी मान हलवली. "देवी कपाळाला लागती, अण्णा. डब्यात कशाला कोंडलासा तिला? जावा, डबा टाका. आन् डॉक्टरला सांगा."

पुढची पावडर पाजायची वेळ होत आली होती. उठलो, डबा टाकला. डॉक्टरांना मात्र डब्यात पाणी गेलं एवढंच सांगितलं. तो दोषही सुमनवरच गेला. नवा डबा आला, औषधं लागू पडली, दत्तू वाचला. म्हातारीला शोधलं, ती पुन्हा दिसली नाही. ती कोण, यावर मी वाद घालत नाही. देवीवर सोपवायचं म्हणजे तिच्या कामात आपला हात घालायचा नाही, एवढं त्या बाकावर शिकलो, आणि म्हातारीचा ऋणी राहिलो.

पुढं एकदा सांगायचं ठरवून खानापूरला त्यांच्या घरी गेलो. मी विषय काढताच सुमन म्हणाली, "माझंच चुकलं हुतं, अण्णा. तुम्ही देवीला साकडं घाटलासा म्हणून ह्ये वाचले." मी खाली मान घालून चहा प्यालो आणि परतलो. गेल्या वर्षी ती वारली.

सुमन, पाणी नीट उकळलेलं होतं.