बागेतला पाइप

मी ग्लास मागितला नव्हता. पाणी मागितलं होतं.

बंगल्यातल्या गोऱ्या मॅडमने ओट्यावरचा ग्लास उचलला, कपाटात ठेवला आणि बाहेर बोट दाखवलं. "आउटसाइड. गार्डन पाइप."

एकोणऐंशीचा ऑगस्ट. बहारीनमधलं कंपनीचं गाव. तारेच्या कुंपणाआड गोऱ्यांचे बंगले, हिरवळ, क्लब, पोहायचा तलाव. आम्ही कुंपणाबाहेर बराकीत. पास दाखवून आत जायचं, काम उरकून चारच्या आत बाहेर. हिंदी असो, पाकिस्तानी असो, इथलाच बहारीनी कामगार असो, सगळ्यांना हाच कायदा. तलावाचा पंप दुरुस्त करायला आमचे हात चालायचे. तलावात नाही चालायचे.

मी एसी मेकॅनिक. सोबत फोरमन तात्या. माझ्याच गावचे, वरच्या आळीतले, वयाने बापाएवढे. त्यांनीच मला इथं आणलं.

"चल, बाहेर पिऊ," तात्या म्हणाले. "त्यांची रीत आहे ती."

पाइपातून आधी चटका देणारं पाणी आलं, मग मचूळ. तात्यांनी पाइप उंच धरला. मी खाली वाकलो आणि ओंजळ केली. कुणी सांगितलं नव्हतं. गावच्या विहिरीवर माझी आई अशीच बसायची, वरच्या आळीतली कुणी बाई येईल आणि ओतेल म्हणून ताटकळत. एवढा समुद्र ओलांडला आणि मी तीच ओंजळ घेऊन आलो.

पिऊन झाल्यावर मी हात पुढे केला. "द्या, तात्या. तुम्हाला मी धरतो."

"नको."

त्यांनी पाइप गवतावर ठेवला, गुडघे टेकले आणि वाकून त्याला तोंड लावलं. मॅडम खिडकीतून बघत होती. तिला आम्ही दोघं सारखेच. पण माझ्या हातचं पाणी नको म्हणून हा माणूस गोरीच्या अंगणात गुडघ्यावर आला. मला आधी हसू आलं. मग संताप आला.

बराकीतल्या खोलीत तात्यांसह आम्ही सहाजण, माठ एक. माझा पेला वेगळा, खिडकीत. कुणी वरून ओतलं तर मी प्यायचो. दोन वर्षं हे चाललं होतं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, खोली तात्यांच्या शब्दावर. तोंड उघडून जाणार कुठं?

त्या संध्याकाळी मी माठाचं झाकण काढलं, पेला आत बुडवला आणि सगळ्यांसमोर प्यायलो.

"बाटवलंस," तात्या म्हणाले. "दुसरी खोली बघ."

"दुसरी खोली नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी इथंच राहणार. याच माठातलं पिणार."

जेवताना माठाला कुणी शिवलं नाही. मी तेवढा पीत राहिलो, तहान नसताना.

सकाळी बंगल्यावर उरलेलं काम होतं. मी पाणी मागितलं. या खेपेला ग्लासही मागितला. मॅडमने पुन्हा बोट दाखवलं. मी हत्यारं पेटीत भरली, एसी उघडाच टाकला आणि गेटकडे निघालो.

तात्या मागून धावत आले. "अरे, सॉरी म्हण. व्हिसा कापतील. खलास होशील."

"कापू देत. ओंजळ नाही करणार आता. तिच्यापुढं नाही, तुमच्यापुढंही नाही."

दुपारी ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर माझा पासपोर्ट. साहेबाने माफीचा कागद पुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली.

मी कागद परत त्याच्याकडे ढकलला आणि पाणी मागितलं. ग्लासात.