पानांची मळकी कड

माझ्या वडिलांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण कॉम्प्युटरच्या सी भाषेचं कुठलं पुस्तक घ्यावं हे त्यांनाच कळलं होतं. मला कळलं नाही. हे सांगितलं की ऑफिसातल्या पोरी हसतात. हसू देत.

देवळ्याहून नाशिकला कॉम्प्युटर शिकायला आले आणि पहिल्याच चाचणीत आपटले. वर्ष वाया गेलं तर घरी परत, असं ठरलेलंच होतं. वडील मला मेन रोडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेऊन गेले. वर्गात सगळ्यांकडे एक जाडजूड पुस्तक होतं, मला तेच हवं होतं. त्याच्या जुन्या प्रती वडिलांनी आडव्या धरून पाहिल्या. प्रत्येकीची कड सुरुवातीला मळलेली, पुढे पांढरीशुभ्र.

"समदे इथंच पळाले," ते म्हणाले. मग एक बारकं पुस्तक काढलं, कड शेवटपर्यंत काळपट. "हे घे. कोणीतरी तळापर्यंत गेलंय. लासलगावला व्यापारी ट्रॉलीत हात खुपसून तळातला कांदा बघतो. वरचा तर समदेच निवडून ठेवतात."

दुकानदारासमोर मला लाज वाटली. मी हट्टाने शेजारच्या दुकानातून जाडं पुस्तक घेतलं, तेही नवंकोरं. वडील एवढंच म्हणाले, "दिवाळीला दाखव."

पॉइंटर नावाच्या अवघड प्रकरणात माझं घोडं अडलं ते अडलंच. दिवाळीला घरी गेल्यावर मी अंगणातली माती बोटांना लावली आणि पानांची कड शेवटपर्यंत मळवली. वडिलांनी कड पाहिली आणि अंगठा खुपसून पुस्तक मधोमध उघडलं. आत कोरी करकरीत पानं.

"माती तर आपल्याच अंगणातली हाय," ते म्हणाले आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

नाशिकला परतल्या दिवशी मी त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते बारकं पुस्तक आणलं. पॉइंटरच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने चौकोन काढून एकेक पायरी सोडवली होती. त्या अनोळखी हातामागून मी शेवटपर्यंत गेले, पासही झाले.

बारकं पुस्तक पुढे कोणाकोणाला देत गेले, आता कुठे आहे ठाऊक नाही. वडीलही राहिले नाहीत. जाडं मात्र कपाटात आहे. त्याच्या कडेची माती खोटी आहे, मला माहीत आहे. पण आपल्या अंगणातली आहे, म्हणून पुसवत नाही.