पाच पायऱ्यांचा ठराव

मार्चमधला तिसरा शनिवार, दुपारचे तीन. ठरावात लिहिलेली रक्कम अडतीस हजार चारशे सिंगापूर डॉलर. हजर: आमच्या कॉन्डोतल्या चौऱ्याऐंशी फ्लॅटपैकी बावन्न फ्लॅटचे मालक किंवा त्यांनी लेखी नेमलेले प्रतिनिधी, सभेचे कागद सांभाळणारी मॅनेजिंग एजंटची बाई, आणि मत नसलेले काही जण. मत नसलेल्यांत दाराजवळ चाकाच्या खुर्चीत बसलेले आबा होते. ठराव त्यांच्यामुळेच आला होता.

बावन्न ही हजेरी मोठी. एरवी तिशीपर्यंत माणसं जमतात, तीही सुपरमार्केटचं दहा डॉलरचं व्हाउचर आणि करी पफ मिळतात म्हणून. या सभेत पुढच्या वर्षाचं बजेट मंजूर होतं आणि सात जणांचं कौन्सिल निवडलं जातं. खरं तर निवडणूक अशी होतच नाही. आमचे चेअरमन, एक निवृत्त चिनी शिक्षक, दंड धरून लोकांना उभं करतात आणि सात नावं कशीबशी पुरी होतात. या वर्षी मात्र सात जागांना आठ उमेदवार होते. म्हणून चेअरमननी ठरवलं, की प्रत्येकाने तीन मिनिटांत सांगावं, पैसे आधी कशावर खर्च व्हावेत. मग ठराव, मग निवडणूक.

आठवी उमेदवार म्हणजे आमच्याच ब्लॉकमधली, दोन मजले खाली राहणारी आबांची सून. तिचा नवरा जहाजावर चीफ इंजिनियर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर. ती मला दादा म्हणते आणि माझ्या बायकोला वहिनी. कौन्सिलवर मी सहा वर्षं आहे, हिशेब माझ्याकडे असतात, आणि आदल्या वर्षी तिचा अर्ज नामंजूर करावा असं लिहिणारा मीच.

अर्ज साधा होता. आमच्या ब्लॉकच्या लिफ्टसमोरून बाहेर पडताना पाच पायऱ्या आहेत. आबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवी बाजू चालत नाही. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, आणि जमेल तेव्हा संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या समुद्रावर. आबांनी मुंबईच्या गोदीत छत्तीस वर्षं फिटरचं काम केलं. नांगरलेली जहाजं लांबून बघून कुठलं रिकामं, कुठलं भरलेलं, कुठल्याचं इंजिन कुरकुरतंय, हे ते सांगत बसतात. तेवढ्यासाठी खाली उतरायचं तर गेटवरचे गार्डकाका पुढून आणि सून मागून, अशी खुर्ची उचलावी लागे. गार्डकाका सदुसष्ट वर्षांचे. त्यांची सुट्टी असेल त्या दिवशी आबा घरातच.

मी लिहिलं होतं: रॅम्पचा खर्च घरटी चारशे सत्तावन्न डॉलर, उपयोग एका घराला, आणि बेसमेंटच्या कार पार्कमधून बाहेर पडणारा उतार उपलब्ध आहे. शिवाय तीन वर्षांत लिफ्ट बदलायच्या आहेत, त्यासाठी अजून एकोणसत्तर हजार कमी पडतात. यातला एकही आकडा चुकीचा नव्हता, हे आजही सांगतो.

ती उमेदवार कशी झाली, ते सांगायला हवं. फ्लॅट तिच्या नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, लग्नाआधी घेतलेला. पण मालकाने लेखी नाव सुचवलं तर त्याच्या घरातलं माणूस कौन्सिलला उभं राहू शकतं. हा नियम तिला सांगितला माझ्या बायकोने.

"तू सांगितलंस?" मी विचारलं.

"सहा वर्षं जेवताना मी नियमच तर ऐकते आहे," ती म्हणाली. "कुठेतरी उपयोगाला नकोत का यायला?"

मुलगी मोबाइलमधून डोकं न काढता सिंगापुरी सुरात म्हणाली, "बाबा, जस्ट बिल्ड इट लाह."

मला राग आला नाही, पण एक गोष्ट खटकली. कार पार्कचा उतार उपलब्ध आहे, असं मी लिहिलं होतं. तिथून चाकाची खुर्ची मी कधी ढकलली नव्हती. न तपासलेला आकडा मी दुसऱ्या कुणाचा चालवून घेतला नसता. तेव्हा सभेच्या आदल्या रविवारी सकाळी मी तिच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, आबांना मी फिरवून आणतो. तिने माझ्या हातातल्या मोजपट्टीकडे पाहिलं.

"फिरवायला की मापायला, दादा?"

"दोन्ही."

आबा म्हणाले, "चला. पार्सल तयार आहे. सही करून ताब्यात घ्या."

लिफ्टने बेसमेंटला गेलो. पायऱ्यांवरून गेट पंचवीस मीटर. कार पार्कमधून एकशे नव्वद. उतार गाड्यांसाठी केलेला, एकास आठ, म्हणजे आठ मीटरांत एक मीटर चढ. खुर्चीसाठी एकास बारा लागतो. निम्म्यात माझे बूट घसरायला लागले. वरून एक गाडी आली, तिने हॉर्न दिला, आम्ही भिंतीला चिकटलो. मग मागून एक आली. मी थांबलो की खुर्ची मागे यायची, ढकललं की छाती भरून यायची. वर पोचेपर्यंत अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागले. माझं वय चौपन्न आणि मी रोज पाया लेबार भागातल्या ऑफिसात सहा मजले जिन्याने चढतो.

वर आल्यावर आबा म्हणाले, "चढताना ठीक आहे हो. उतरताना मात्र मला आधी विचारा, मी डोळे मिटून घेतो."

परतताना मी कार पार्कमधून गेलोच नाही. गार्डकाकांना हाक मारली आणि खुर्ची पायऱ्यांवरून वर नेली. पुढची बाजू मी धरली होती. तिसऱ्या पायरीवर गार्डकाकांचा गुडघा वाजलेला मला स्पष्ट ऐकू आला.

त्या दिवशी मला कळलं, की माझा विरोध अडतीस हजार चारशेला होता. रॅम्पला नव्हता. पण वर्षभर मी यातलं पहिलंच वाक्य बोलत होतो, दुसरं कधी बोललोच नव्हतो. सोमवारी मी एजंटकडे कंत्राटदाराच्या रकमेची फोड मागितली. ती सभेच्या दिवशी सकाळी साडेअकराला आली. काँक्रीट आणि फरशी चौदा हजार तीनशे. कठडे तीन हजार नऊशे. मधली फुलझाडांची कुंडी हलवायला चौदाशे. बाकीचे अठरा हजार आठशे काचेचं छत, ग्रॅनाइट आणि डिझाइनची फी. पाच पायऱ्या म्हणजे पंचाहत्तर सेंटिमीटर उंची, तिला नऊ मीटर रॅम्प पुरतो. त्यावर काचेचा मांडव कुणी मागितला होता? कुणीच नाही. कंत्राटदाराने घातला आणि आम्ही वर्षभर त्या मांडवावर भांडलो.

सभेला आलो तर दारातच घोटाळा. प्रत्येक फ्लॅटला मतदानासाठी एक हिरवं कार्ड मिळतं. आबांच्या सुनेला ते मिळेना.

"पण मी उमेदवार आहे," ती एजंटच्या बाईला सांगत होती.

उमेदवारीचा कागद आला होता, मताचा नव्हता. मालकाऐवजी मत द्यायचं तर वेगळा फॉर्म लागतो, तोही अठ्ठेचाळीस तास आधी. नवऱ्याने कुठल्याशा बंदरावरून वायफाय मिळाल्यावर एका कागदावर सही करून पाठवली आणि दुसरा तसाच ठेवला.

"म्हणाला, एकदा केली ना सही," ती मला म्हणाली. "इंजिनाचा एक बोल्ट राहिला तर जहाज थांबवतो, आणि इथे..."

मागून आबा म्हणाले, "माझाच मुलगा. मीही असाच होतो."

उमेदवार बोलायला लागले. सर्वांत वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, बँकेतले, त्यांना पोहण्याच्या तलावाच्या फरशा बदलायच्या होत्या, सत्तावीस हजारांत. त्यांचं म्हणणं, तलाव चांगला दिसला की फ्लॅटला भाव येतो. एका घराच्या सोयीसाठी सगळ्यांनी का द्यायचं? हे वाक्य माझंच होतं, मागच्या वर्षीच्या टिपणातलं. ऐकायला बरं वाटलं नाही.

मग ती उठली. इंग्रजी जपून बोलते ती, पण स्वच्छ. गेल्या वर्षी तलावातल्या दिव्यांवर सहा हजार दोनशे डॉलर गेले, आणि त्याच वर्षात तिचे सासरे नऊ वेळा समुद्रावर गेले. शेवटी माझ्याकडे बघत तिने विचारलं, "ज्या दिवशी आमचे गार्ड खुर्चीखाली पडतील, त्या दिवसाचा खर्च या बजेटमध्ये कुठल्या ओळीत आहे?"

ओळ नव्हती. मी सहा वर्षं ते बजेट करतो आहे, मला न बघता सांगता आलं असतं.

माझी पाळी आली तेव्हा मी रविवारचे आकडे वाचून दाखवले: एकशे नव्वद मीटर, एकास आठ, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. मागच्या वर्षीचं माझं टिपण चुकलं होतं, असं सांगितलं. मग फोड वाचली आणि ठरावात दुरुस्ती सुचवली: छत नाही, ग्रॅनाइट नाही, एकोणीस हजार सहाशेच्या वर एक डॉलर नाही. घरटी दोनशे तेहेतीस.

ती जागेवरूनच मराठीत म्हणाली, "दादा, छत नाही? आणि पाऊस आला की?"

"छत्री."

"खुर्ची ढकलू की छत्री धरू?"

"रेनकोट घाला त्यांना. छताच्या पंधरा हजारांत किती येतील, मोजा."

"तुम्हीच मोजा, तुम्हाला आवडतं!"

आबा दारातून ओरडले, "अगं, रॅम्प घे आधी! मी काय मिठाचा आहे विरघळायला?"

चेअरमननी पेन आपटलं. "इंग्लिश, प्लीज. भांडण असलं तर आम्हालाही मजा घेऊ द्या."

दुरुस्त ठराव मताला आला. हात मोजायचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडेच आहे, कारण मी दोनदा मोजतो. पॅड घेऊन मी रांगांमधून फिरलो. बाजूने पंचवीस. विरोधात पंचवीस. पुन्हा मोजलं, तेवढेच. चेअरमन मत देत नाहीत, त्यांची तशी पद्धतच आहे. समान मतं म्हणजे ठराव पडला. मी ते आकडे कागदावर लिहिले. आबांची सून मान खाली घालून हातातली पर्स उघडत-मिटत होती. तिचं एक कार्ड असतं तर?

बेरीज करायची सवय म्हणून केली. पंचवीस, पंचवीस आणि चेअरमन एक. एक्कावन्न. हजेरी बावन्न. मी तिसऱ्यांदा रांगा मोजायला लागलो, की कोण बसून राहिलंय.

"अहो," बायको मागच्या रांगेतून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "तुमचं हिरवं कार्ड पॅडच्या चापाखाली आहे."

होतं. हजेरीच्या कागदाखाली, व्यवस्थित लावलेलं. दुसऱ्यांचे हात मोजण्याच्या नादात माझा हात वर करायचा राहिला होता. सहा वर्षांत बहुधा दरवेळी राहिला असेल. एका मताने काही अडलं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. मी कार्ड काढून वर धरलं.

"मतदान संपलंय!" तलाववाले गृहस्थ म्हणाले.

"मी निकाल सांगितलाय का?" चेअरमननी विचारलं. "मोजणारा स्वतःला विसरला, मालक नाही झाला कमी. सव्वीस, पंचवीस. मंजूर."

आबांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर टकटक केलं. टाळी त्यांना वाजवता येत नाही. सून उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं आभार मानेल.

"आणि कठडा दोन्ही बाजूंना ना?" तिने विचारलं.

"दोन्ही. तीन हजार नऊशे."

निवडणुकीत तिला माझ्यापेक्षा चार मतं जास्त पडली, तीही तिचं स्वतःचं नसताना. तलाववाले पडले, त्यांना मी फरशांची फोड मागवून पुढच्या वर्षी आणायला सांगितलं, आणि ते आणतील असं वाटतं. कौन्सिलच्या पहिल्याच बैठकीत तिला खजिनदार केलं. पहिल्या महिन्यात तिने माझी दोन टिपणं परत पाठवली, एकावर शेरा होता: जागेवर जाऊन पाहिलं का?

रॅम्प जूनमध्ये झाला. आबा पहिल्या संध्याकाळी उतरले तेव्हा मी मागे होतो. गेटपर्यंत दोन मिनिटं दहा सेकंद, वाटेत थांबून शेजाऱ्यांशी बोलणं धरून. त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. खाली आल्यावर म्हणाले, शेवटच्या वळणावर कठडा हलतोय, फिटरच्या हाताला कळतं. मी हलवून पाहिला, खरोखर हलत होता. म्हणून कंत्राटदाराचे पाच टक्के आम्ही अडकवून ठेवले. त्याने माणूस पाठवला, कठड्याचे दोन बोल्ट नवे बसवले, आबांनी डाव्या हाताने धरून पाहिलं आणि मान डोलावली.

मंजूर रक्कम एकोणीस हजार सहाशे. जूनअखेर कंत्राटदाराला अठरा हजार सहाशे वीस, आणि बोल्ट बसवल्यावर ऑगस्टमध्ये त्यालाच उरलेले नऊशे ऐंशी. दोन्ही वेळी पहिली सही खजिनदाराची, दुसरी माझी.