धुऊन घेतलेली पोर

“ही पहिल्या दिवशी बालवाडीत आली तेव्हा हिच्याजवळ उभं राहवत नव्हतं. मी स्वतः नळाखाली धुतली आणि मग आत घेतली. आज बघा, डॉक्टरेट.”

मॅडमनी माईकवर हे सांगितलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. कोल्हापुरातलं सभागृह. पहिल्या रांगेत बालवाड्यांची नियमावली ठरवणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी माझी आई, आईच्या शेजारी मी. आईला मुद्दाम सत्काराला बोलावलेलं. तिच्या मांडीवर शाल आणि नारळ. मॅडम म्हणाल्या, ऊठ बाळ, सगळ्यांना दिसू दे. चाळिशीला आलेली मी. बालशिक्षणात पीएच.डी. केलेली, त्यांच्याच संस्थेची संशोधक. उठले. देणगीदार आले की दरवेळी उठायचे. आई समोर असताना पहिल्यांदाच.

आमचं घर चपला करणाऱ्यांचं. बाप तळ कापायचा, आई चामड्याच्या वेण्या विणायची. घरभर कातडं, म्हणून आई भल्या पहाटे चुलीवर पाणी तापवून मला घासून घासून न्हाऊ घालायची. डोक्याला तेल, धुतलेला फ्रॉक. मग मी बालवाडीला. तिथं पायरीवर थांबवायचे. फक्त आमच्या गल्लीतल्या पोरांना. काढा फ्रॉक. नळाचं गार पाणी. थंडीत दात वाजायचे आणि बाकीची पोरं खिडकीतून बघत बसायची. पाटलाचा पोरगा शेणात पाय भरवून यायचा, तो तसाच आत. मॅडम तेव्हा तरुण होत्या, बालवाडी त्याच चालवायच्या. आई एकदा जाऊन विचारून आली. त्या गोड हसून म्हणाल्या, “अगं, कातड्याचा वास एका पाण्यात जातो होय?” त्या दिवसापासून आई मला दोनदा न्हाऊ घालू लागली. नळ काही सुटला नाही.

बालशिक्षणाकडे कशा वळलात, असं मला मुलाखतीत विचारतात. मी काहीतरी बरं दिसेल असं सांगते. खरं कारण तो नळ.

गेल्या वर्षी पाहणीसाठी जिल्हाभर संस्थेच्या बालवाड्या फिरले. नळाच्या जागी आता टाइल्स लावलेली मोरी आहे. गरम पाणी, वासाचा साबण, भिंतीवर हसरा ससा. आणि तिथं उघडी करून उभी केलेली पोरं मात्र आमच्यासारख्याच गल्ल्यांतली. बाकीची सरळ वर्गात. मी सगळं लिहिलं. मॅडमनी ती पानं अहवालातून काढली. संशोधनात स्वतःचा अनुभव आणायचा नसतो म्हणे. वर ‘वस्तीतील बालकांना प्रवेशापूर्वी स्नान’ हा संस्थेचा आदर्श उपक्रम म्हणून नियमावलीसाठी सुचवला. त्यालाच होकार द्यायला त्या दिवशी अध्यक्ष आले होते. एकदा तो नियम झाला की राज्यभर तेच होणार.

टाळ्या थांबल्या. आभाराचे दोन शब्द बोल म्हणून माझ्या हातात माईक आला. शेजारी आई मान खाली घालून अध्यक्षांना हळूच सांगत होती, “मी न्हाऊ घालूनच धाडत हुतो की ओ पोरीला.” ते मोबाईल बघत होते.

माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं गेली आणि ही बाई अजून खुलासा देतेय. गुन्हा कुणाचा, खुलासा कुणाचा.

मी म्हणाले, “मी घाण नव्हते. मला माझ्या जातीपायी धुतलं. आजही पोरं तशीच धुतली जातायत, आणि तुम्ही त्याचा नियम करताय.”

मॅडम म्हणाल्या, “अगं, भावनिक होऊ नकोस. हे संशोधनाचं व्यासपीठ आहे.”

“संशोधनच सांगतेय. तुम्ही काढून टाकलेलं.”

आणि बघितलेलं एकेक सांगितलं. कुणीतरी माईक बंद केला, तेव्हा घसा ताणून सांगितलं. पाहुण्यांच्या पायाशी भेट मिळालेल्या कोल्हापुरी चपलांचे खोके होते. त्यांचा वास कुणाला लागला नव्हता. टाळी एकही वाजली नाही. अध्यक्ष म्हणाले, लेखी पाठवा, विचार करू. मग सगळे जेवायला गेले. आईनं शाल-नारळ खुर्चीवर ठेवला आणि चालू लागली. रिक्षात बसल्यावर एवढंच विचारलं, “नोकरी गेली न्हवं आता?”

मी व्हय म्हणाले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, माफी मागून कामावर ये. मी गेले नाही. ती पानं माझ्या नावानं समितीला पाठवली. अजून उत्तर नाही, येईल असंही वाटत नाही.

निरीक्षकानं बघावं, लिहावं, मध्ये पडू नये, अशी आमच्या कामाची शिस्त. पोरांचे कपडे उतरवले जात असताना मी ती पाळली, वही उघडून बसून राहिले. आता पाळणार नाही. सोमवारी बालवाड्या उघडतील. मी दारात असेन. लेकराच्या सदऱ्याच्या बटणाला जो हात लागेल तो मी धरणार, मग तो कुणाचाही असो.