पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर

"मी कॉम्प्युटर. दाबा कुठेही, बिघडणार नाही," असं म्हणून आमचे सर समोर पुठ्ठा ठेवायचे आणि चेहरा अगदी कोरा करायचे.

पुठ्ठ्यावर स्केचपेनने स्क्रीन काढलेला असायचा. कोणी त्यावर बोट ठेवलं की ते खालचा, पुढच्या स्क्रीनचा पुठ्ठा वर काढायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत खऱ्या मशीनला एसी लागायचा, आत जाताना चपला काढाव्या लागायच्या. सरांचा कॉम्प्युटर कापडी पिशवीत मावायचा; प्रोग्रॅम लिहिण्याआधी तो लोकांकडून वापरून बघायचे. तुमच्याही ऑफिसात असं एखादं सीनियर माणूस असेल, ज्याला सगळे हसतात आणि अडलं की शोधतात.

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलच्या केसपेपर खिडकीचं काम आलं. स्क्रीन मी आखला होता, आणि त्यात चूक नाही याची मला खात्री होती. खिडकीवरच्या बाई मालवणकडच्या, वीस वर्षं तिथेच. पुठ्ठ्यावर बोट फिरवत त्या नाव, पत्ता करत जन्मतारखेपाशी थांबल्या.

"पेशंटला ठाऊक नसली तर?"

"मी पुढे जात नाही," ते कॉम्प्युटरच्या आवाजात म्हणाले.

"बाई कळा देत उभी असली तरी?"

"तरी."

"मग तुझो उपयोग काय, मेल्या?" बाईंनी लगेच जीभ चावली.

ते मात्र खूश. "मला नाही, कॉम्प्युटरला म्हणाल्यात. लिहून घे रे."

मी वैतागलो. "सर, त्यांना शिकवलं की जमेल ना."

"त्या वीस वर्षं बसल्यात. तू किती वेळ बसलास?"

दोन दिवस बसवलं मला त्या खिडकीत. दुसऱ्या दुपारी एकाने आईला पाठीवरून आणलं. वय विचारलं तर तो आईकडे बघायला लागला, आई त्याच्याकडे. मी मुकाट्याने 'अंदाजे वय' असा रकाना आखला.

आमच्या कंपनीचे मॅनेजरसाहेब ऐकेनात. स्क्रीन मंजूर झालाय, आता बदल नाही. तेव्हा सरांनी साहेबांच्या टेबलावर पुठ्ठा ठेवला.

"मी कॉम्प्युटर. समजा, तुमच्या आईंना ॲडमिट करायचंय. जन्मतारीख सांगा."

साहेबांनी जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं, उचललं. मग म्हणाले, "बदलायला किती दिवस लागतील?"

ते सरांचं शेवटचं काम. पुढे रिटायर झाले, आता ते नाहीत.

त्या खिडकीच्या उद्घाटनाला हार होते, भाषणं होती. सरांचं नाव कोणी घेतलं नाही. मी शोधत बाहेर आलो, तर ते पेशंटच्या बाकावर. मांडीवर कुणाचीतरी काठी.

"त्या आजींची," खिडकीकडे बघत ते म्हणाले. "दोन्ही हातांनी गज धरून उभ्या आहेत. त्यांचं होऊ दे, मग येतो."