मोठीआईला न दिसलेलं

आमच्या मोठीआईला पाचव्या मजल्यावरच्या गच्चीतून खाली गेटपाशी उभ्या असलेल्या हातगाडीवरची गवार कोवळी आहे की जून, ते कळायचं. ‘नको घेऊस गं, नुसते दोरे आहेत,’ असं ती वरून ओरडायची आणि खाली मी आणि भाजीवाला दोघंही ओशाळायचो. पण त्याच गच्चीत, तिच्या हाताच्या अंतरावर, तिनेच लावलेल्या झाडाला धरलेला पहिला टोमॅटो मात्र तिला कधीही दिसला नाही.

तो दिसायचा माझ्या मुलीला, ईराला. ‘ईरा, इकडे ये गं जरा. ह्या झाडाला काय झालंय बघ बाई,’ अशी मोठीआई हाक मारायची. ईरा फ्रॉक मातीत घोळवत कुंडीखाली शिरायची आणि मग अशी किंचाळायची की शेजारच्या विंगेतले लोक खिडकीत यायचे. मोठीआई हात पुसत यायची, कमरेवर हात ठेवून त्या हिरव्या गोळ्याकडे बघायची आणि म्हणायची, ‘कमाल आहे! रोज पाणी घालते मी ह्याला, मला कसा दिसला नाही?’ पेपरमागून तिचे यजमान, आमचे भाऊजी, म्हणायचे, ‘चष्म्याचा नंबर तपासून घे.’ त्यावर ती म्हणायची, ‘तुम्ही राशिभविष्य वाचा.’ एकदा सकाळी डबे भरताना मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर ती अशाच एका टोमॅटोवर वरचं पान ओढून ते देठाखाली नीट अडकवून ठेवत होती. मुलांशी खेळ चाललाय, असं समजून मी हसले आणि पोळ्यांकडे वळले.

मोठीआई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला ‘अहो वहिनी’ म्हणायचे, पण मुलांच्या तोंडी मोठीआई बसलं आणि आता माझ्याही मनात तेच नाव येतं. धायरीत आमचे दोन फ्लॅट एकमेकांना लागून. गच्ची तिच्या फ्लॅटला जोडलेली, पण मधलं दार कायम उघडं असल्यामुळे गच्ची दोन्ही घरांची होती. तिचं माहेर आणि सासर दोन्ही नारायण पेठेत. धायरीला यायचं ठरलं तेव्हा तिने नापसंती बोलून दाखवली नाही, फक्त पुढची सगळी वर्षं घरातून निघताना ‘पुण्याला जाऊन येते, काही आणायचंय का?’ असं विचारत राहिली. ‘वहिनी, आपण पुण्यातच राहतो,’ असं माझा नवरा म्हणायचा. ‘असं महानगरपालिका म्हणते,’ ती म्हणायची.

गच्चीतली बाग म्हणजे कुणाला फोटो काढून दाखवावी अशी नव्हती. रंगाच्या रिकाम्या बादल्या, थर्माकोलची खोकी, आमचा जुना बेबी टब, त्यात मिरच्या, वांगी, अळू, गवती चहा, एक दांडगा कढीपत्ता आणि कबुतरांसाठी बांधलेल्या जाळीवर चढवलेला घोसाळ्याचा वेल. शोभेचं झाड तिने एकही ठेवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘शोभेला आम्ही आहोत ना.’ शर्व, माझा धाकटा, उभा राहायला लागल्यापासून पाणी घालायला तिच्या मागे असायचा. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीने तो भिंतीला, केरसुणीला आणि भाऊजींच्या चपलांना पाणी घालायचा. ‘घाल रे,’ ती म्हणायची, ‘चपला वाढल्या तर मोजे नवे घेऊ.’

तिला मूल नव्हतं. ह्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. पण ईराच्या बारशाला एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पाळण्याभोवती सगळ्या बायका जमल्या, बाळाला पाळण्याखालून वरून द्यायची वेळ आली आणि ही कुठेच दिसेना. मी हाक मारली, ‘वहिनी, या ना, तुम्हीही घ्या.’ आतून आवाज आला, ‘तुमचं चालू द्या गं, दूध उतू जाईल.’ थोड्या वेळाने मी बाळाला पाजायला आत गेले, तेव्हा गॅस बंद होता. ओटा स्वच्छ पुसलेला होता आणि ती तो पुन्हा पुसत होती. कुणी काही म्हणण्याआधीच स्वतःहून बाजूला व्हायची तिला इतकी सवय झाली होती की आता तिला कुणी काही म्हणावंच लागत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

माझी रजा संपली तेव्हा पाळणाघराची चौकशी सुरू झाली. मोठीआईने दोन दिवस ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ठेवा की पाळणाघरात. माझी काय, दुपारची झोप होईल.’ तिची विनंती करायची तऱ्हा ही अशी होती. मग आधी ईरा आणि तिच्यामागून शर्व, दोघंही तिच्याकडेच वाढले. माझं ऑफिस खराडीला. सिंहगड रोडची गर्दी पार करून मी घरी पोचायचे तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसायचं. दार उघडायच्या आधीच ती मुलाला कडेवर घेऊन उभी असायची आणि लगेच माझ्या हातात द्यायची. ‘घे, तुझं तुला.’ एक मिनिटही जास्त नाही. मूल तिच्या खांद्याला चिकटलेलं असलं तरी बोटं एकेक करून सोडवायची. मग दिवसभराचा वृत्तान्त द्यायची: काय खाल्लं, किती झोपलं, शी कशी झाली. शीचं वर्णन तर इतकं सविस्तर की माझा नवरा चहाचा कप घेऊन उठून जायचा.

ह्या वृत्तान्तात नवीन असं काही कधी नसायचं. आज हे पहिल्यांदा केलं, ते पहिल्यांदा म्हटलं, असं एकदाही नाही. मला वाटायचं, कौतुकाच्या बाबतीत ही बाई जरा चिक्कूच आहे. आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटायचं. ऑफिसात नऊ तास एकच धास्ती असायची, की माझ्या माघारी घरी काहीतरी घडून जाईल आणि ते मला पुन्हा कधी बघायला मिळणार नाही. पण माझं नशीब इतकं चांगलं, की ईराने पहिलं पाऊल टाकलं ते शनिवारी, माझ्यासमोर, गच्चीच्या दारापासून कढीपत्त्याच्या बादलीपर्यंत. मोठीआई कणकेच्या हातांनी धावत आली. ‘चालली? कधी? मला बोलवायचंस की लगेच!’ पहिलं ‘आई’सुद्धा सुट्टीच्याच दिवशी. शर्वने पाऊल टाकलं तेही रविवारी. मी ते कौतुकाने सगळ्यांना सांगायचे. माझी मुलं वार बघून मोठी होतात, असं ऑफिसातही म्हणायचे.

शर्वच्या त्या रविवारनंतर चार-पाच दिवसांनी लिफ्टमध्ये समोरच्या इमारतीतल्या काकू भेटल्या. त्यांच्या गॅलरीतून आमची गच्ची सरळ दिसते. ‘काय तुरुतुरु चालतो हो तुमचा मुलगा! गेला आठवडाभर बघतेय, जाऊबाईंच्या मागे मागे नुसत्या फेऱ्या घालतोय गच्चीत.’ मी ‘हो ना’ म्हटलं आणि लिफ्टमधून उतरले. काकूंच्या त्या आठवड्यातले पहिले दिवस रविवारच्या आधीचे होते.

मोठीआई कोथिंबीर निवडत बसली होती. मी सरळ विचारलं. ती आधी काकूंवर घसरली. ‘त्या बाईला स्वतःच्या घरात काही काम नाही का?’ मी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मान खाली घालूनच म्हणाली, ‘अगं, आईसमोर चालतं ना मूल, ते पहिलं. आधीचा नुसता सराव.’ मला रडू फुटलं. किती शनिवार-रविवार ह्या बाईने माझ्यासाठी राखून ठेवले होते, आणि प्रत्येक वेळी कणकेच्या हातांनी धावत येऊन नव्याने आश्चर्य केलं होतं. जे तिला कुणी कधी दिलं नव्हतं, ते हातात आलेलं असताना तिने मला देऊन टाकलं होतं. मी रडतेय हे पाहून ती म्हणाली, ‘रडायचं असेल तर तिकडे बस, कोथिंबिरीला पाणी लागलं की सडते.’

ईरा सहा वर्षांची असताना तिला पार्लर-पार्लर खेळायचं वेड लागलं होतं. एका रविवारी मोठीआई गच्चीत खाली बसली होती आणि ईरा मागे उभी राहून तिचे केस विंचरत होती. केस एका बाजूला घेऊन ती एकदम थांबली आणि म्हणाली, ‘मोठीआई, तुझ्या मानेला कळी आलीय.’

आम्ही सगळे हसलो. मोठीआईही हसली. मग मी सहज हात लावून पाहिला आणि माझं हसणं थांबलं. मानेच्या बाजूला सुपारीएवढी घट्ट गाठ होती. ‘वहिनी, हे कधीपासून?’ तर म्हणाली, ‘मला कुठे मागचं दिसतंय? लक्षातच आलं नाही.’ ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की मला तिथेच सगळं कळलं. पुढे डॉक्टरांनी भाऊजींना बाहेर बसवून विचारलं तेव्हा तिला सांगावं लागलं, की गाठ गणपतीपासून आहे. आणि आता तर थंडी सरत आली होती. मी शेजारीच बसले होते. घरी येताना रिक्षात मी तिच्यावर चिडले, तर म्हणाली, ‘दिवाळीत कशाला सगळ्यांचा विरस करायचा?’

उपचार झाले. केस गेले, वजन उतरलं, जिना बंद झाला. पण मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. ती शर्वला दूर करू लागली. तो बाटली घेऊन गच्चीच्या दाराशी आला की म्हणायची, ‘आज नको, आईकडे जा.’ मांडीवर चढायला लागला की उठून आत जायची. पहिले काही दिवस त्याने दारावर लाथा मारल्या, आकांत केला. आत ती खुर्चीत डोळे मिटून बसलेली असायची. मी घरून काम मागून घेतलं होतं. तो हळूहळू माझ्या मागे फिरायला लागला.

‘असं नका करू हो वहिनी,’ मी तिच्यापुढे अक्षरशः हात जोडले. ‘तुम्हाला तो हवाय, त्याला तुम्ही हव्या आहात. मग कशासाठी हे?’

‘मिरचीचं रोप लहान आहे तोवर हलवलं तर मान टाकत नाही,’ ती म्हणाली. ‘ईराचं आता काही करता येणार नाही, तिला कळतंय सगळं. हा तीन वर्षांचा आहे. विसरेल.’

‘मला नकोय त्याने विसरायला.’

‘तुला विचारलंय कुणी?’ ती म्हणाली, आणि मग बराच वेळ माझा हात धरून बसली. अठरा वर्षांत तिने माझा हात धरल्याचं मला दुसरं आठवत नाही.

ती पावसाळा संपता संपता गेली. ईरा घोसाळ्याच्या वेलाखाली जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत कुणाला जवळ येऊ देईना. शर्व खाली पार्किंगमध्ये तीनचाकी सायकल चालवत होता. माणसं येत होती, पांढऱ्या कपड्यांतली, आणि तो प्रत्येकाला बाजूला व्हायला सांगून घंटी वाजवत होता. कुणीतरी त्याला बिस्किटाचा पुडा दिला, तो त्याने सगळा खाल्ला. वरून तिला खाली आणलं तेव्हाही त्याने घंटी वाजवली. नवऱ्याने त्याला उचलून शेजाऱ्यांकडे नेलं. मोठीआईने ठरवलं होतं ते पूर्ण झालं होतं, आणि मला त्याचा इतका राग आला होता की मला नीट रडताही येईना.

आता गच्चीला भाऊजी पाणी घालतात. जास्तच घालतात, अळू सोडून बाकी सगळ्या झाडांनी कंटाळून राम म्हटला. ईरा मोठीआईचं नाव काढत नाही आणि दुसऱ्या कुणी काढलं तर खोलीबाहेर जाते. शर्व सात वर्षांचा आहे. त्याला काहीच आठवत नाही. मी आठवण करून द्यायचा खूप प्रयत्न केला, फोटो दाखवले, व्हिडिओ लावले. तो नीट बघतो, एखाद्या दूरच्या नातेवाइकाच्या लग्नाचे बघावेत तसे.

परवा तो भाऊजींकडे जेवायला बसला होता. समोरच भिंतीवर मोठीआईचा फोटो आहे. वरणभात कालवता कालवता त्याने वर पाहिलं आणि मला विचारलं, ‘ती मला ओळखायची का?’

भाऊजी पानावरून उठून आत गेले. मी म्हटलं, ‘हो, ओळखायची.’ मग म्हटलं, ‘तू तिच्याकडेच तर असायचास दिवसभर. तूच तिला सगळ्यांत जास्त आवडायचास.’

त्याने थोडा विचार केला. त्याला बहुधा कसला तरी हिशेब लागत नव्हता.

‘मग ती गेली तेव्हा मी रडलो होतो?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘खूप रडलास. कुणाला आवरेनास.’

त्याने मान हलवली, जणू असंच असणार हे त्याला ठाऊक होतं, आणि भाताचा पुढचा घास घेतला.